ढग वळवल्यानंतर

घोडनदीच्या खोऱ्यावरचे ढग यंत्रांनी शहरांच्या धरणांकडे वळवले, त्याला तीन वर्षं झाली होती. नदी आटली, शेती संपली आणि आज गावातून शेवटची गाडी निघणार होती.

केशर अंगणात खणत होती. तिची आठ महिन्यांची लेक तिथे पुरलेली होती आणि जाताना केशरला तिची हाडं सोबत न्यायची होती. वरची खूण कधीच पुसली गेली होती. कमरेइतकं खणल्यावर तोंडाला तोंड लावून ठेवलेली दोन मडकी लागली. आत इवली हाडं होती.

गाव रिकामं करायला आलेल्या डोळसबाई पुरातत्त्व शिकल्या होत्या. त्यांनी मडकी निरखली.

"ताई, ही तुमची लेक नाही. हे तीन हजार वर्षांपूर्वीचं बाळ आहे; तेव्हा बाळं अशी जोडमडक्यांत पुरत. तेव्हाही पाऊस हटला, जव पिकेना, म्हणून माणसं गाव सोडून गेली."

"आणि आईनं लेकरू इथंच ठेवलं?"

"हो."

 मडकी होती तशी ठेवून केशर हातांनी माती लोटू लागली.

"अगं, आपली छकुली?" नवऱ्याने विचारलं.

"राहू द्या. एकटी नाही ती."

गाडीत चढल्यावर मात्र तिला रडू आवरेना.