चारशे सतरावी नोंद

"डबा आज जातानाच जड दिसतोय, सर," रावजी म्हणाला. "वैनीनं भाकरी लई बांधल्या जणू."

"असू दे. मीच घेतो," शिवपुत्र सर म्हणाले आणि पत्र्याचा डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

सोलापुराहून पहाटेच्या एसटीने ते बार्शीला आणि तिथून डोंगराच्या पायथ्याशी आले होते. अठ्ठावन्न सालापासून, म्हणजे गेली सोळा वर्षं, सुट्टी मिळाली की ते इथे येत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि उरल्या वेळात बालाघाटच्या या डोंगरावरच्या झाडाझुडपांची यादी करायची. डबा रिकामा घेऊन चढायचं, नमुन्यांनी भरून उतरायचं. वाटाड्या पहिल्यापासून रावजीच. यादी सहाशे बारावर आली होती.

छापायची वेळ आली, यादी कुळांप्रमाणे लावली आणि चारशे सतराव्या नोंदीपाशी अडलं. खर्चुडीच्या वेलाची एक जात, कंदिलासारखं फूल येणारी. पहिल्याच वर्षी कड्याजवळ दिसली, असं वहीत होतं. वाळवून ठेवलेल्या नमुन्याचा मात्र कसर लागून भुगा झाला होता. यादी छापणाऱ्या पुण्याच्या संस्थेतल्या वनस्पतितज्ज्ञ डॉक्टरसाहेबांनी लिहिलं होतं, 'ही वनस्पती या डोंगरावर आजवर दुसऱ्या कुणीही पाहिलेली नाही. ती असेल तर यादी अवश्य छापू. ती वगळली तर बाकीची झाडं सगळीकडचीच आहेत. गुरुवारी मी स्वतः येतो. जागेवर दाखवा.'

गुरुवार उद्या होता.

बसमध्ये सरांनी वही तीनदा उघडली होती. अक्षर त्यांचंच होतं. पण खरंच पाहिली होती का? की पुस्तकातलं चित्र मनात राहिलं आणि हाताने लिहून टाकलं? गेल्या पावसाळ्यात चार खेपा घालून त्यांनी कड्याखालचा सगळा उतार पिंजून काढला होता. निवृत्तीला सात महिने उरले होते.

"वर्सभर काय हुडकताय, सांगा तरी," रावजी म्हणाला. "मला बी डोळं हायत की."

"काही नाही. असंच."

विचारलं तर रावजी 'न्हाय बा' म्हणेल, याची त्यांना भीती वाटत होती. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

कड्याखाली सर थांबले. खडकावर बसले, उठले, घड्याळ पाहिलं, पुन्हा बसले.

"आनखी वर चढायचं?"

"नको. तू झऱ्यावरून पाणी घेऊन ये. सावकाश ये."

"सावकाश?" रावजी हसला. "सोळा वर्सांत पयल्यांदा म्हणताय. न्हाय तर आपलं 'पळ रावजी, पळ रावजी'."

तो परतला तेव्हा सर त्याच खडकावर होते. पँटचे गुडघे मातीने भरले होते.

"पडला काय?"

"घसरलो जरा." ते घटाघटा पाणी प्याले. "चल, उतरू. उद्या साहेबांना घेऊन यायचंय."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता डॉक्टरसाहेब जीपमधून उतरले. रावजीने त्यांची पिशवी घेतली. सर पुढे निघाले, इतके भरभर की साहेबांना दोनदा 'थांबा' म्हणावं लागलं.

कड्याखाली, करवंदीच्या जाळीआड वेल होता. दोन कंदील उमलले होते.

"काल दिसली," सर म्हणाले. "सोळा वर्षांनी."

साहेब गुडघ्यांवर बसले. भिंगातून बराच वेळ पाहत राहिले.

"अगदी तीच," ते म्हणाले. "सर, मला वाटलं नव्हतं. माझीच चूक."

सर हसले, पण कपाळावरचा घाम थांबेना.

मग कंद पाहावा म्हणून साहेबांनी खुरप्याने माती हलकेच उकरली आणि त्यांचा हात थांबला. तांबड्या मुरमात तेवढीच काळी माती होती. त्यांनी ती चिमटीत घेतली, नाकाशी नेली.

"या डोंगरावर चहाचा चोथा कोण टाकतं, सर?"

परसातल्या कुंडीत, आंबोलीहून आणलेल्या त्या वेलाला, सरांची बायको रोज सकाळी चोथा घालत असे.

साहेबांनी वेल कंदासकट उपसून बाजूला ठेवला आणि हात झटकले.

"बाकीच्या सहाशे अकरा नोंदी मी आता कशा खऱ्या मानू?"

त्यांनी आवाज चढवला नाही. रावजीच्या हातातली पिशवी घेतली आणि एकटेच उतरू लागले. बऱ्याच वेळाने खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

रावजीने वेल उचलला. एक फूल बोटाने फिरवून पाहिलं.

"ही हुडकत हुता व्हय? मग मला एका शब्दानं इचारायचं की. कड्याच्या वर, कपारीत लई माजलीया ही. पयल्या साली तुमीच न्हाय का तितं चढून दावली मला?"