पंख्यावरचं नाव

"आजी आली!"

खिडकीशी बसलेली संस्कृती ओरडली आणि धावत जाऊन तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखा मंदावत मंदावत थांबला. बावीस पोरांनी मुकाट्यानं वह्यांनी वारा घ्यायला सुरुवात केली. बांधावरून डुलत डुलत गोदाआजी आली, चपला पायरीखाली काढल्या, दारात उभी राहिली आणि मान वर करून पंख्याकडे बघायला लागली.

पंख्याच्या तीन पात्यांवर लाल रंगात तीन शब्द होते. कै. सहदेव. रावजी. भुवड. सहदेव हा आजीचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

शाळेची दुरुस्ती चिपळूणच्या पंचायत समितीनं केली, पण आतलं सगळं गावाच्या मुंबई मंडळानं दिलं. आणि मंडळानं दिलं म्हणजे नाव आलंच. कपाटावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, हात धुवायच्या नळांवरसुद्धा ओळीनं नावं. एकाच्या वाट्याला संडासाचं दार आलं. माझं नाव नको, म्हणाला तो, दान गुप्तच बरं. आजीनं काजूच्या पैशातून पंखा दिला. वर्गातल्या दुसऱ्या पंख्याचा हूक अजून रिकामाच होता, कारण तो देणारा बोरिवलीत विचार करत बसला होता.

शिमग्याला चाकरमानी गावी आले तेव्हा उद्घाटन उरकलं. दुसऱ्या दिवसापासून आजीची फेरी सुरू झाली. पहिल्याच दिवशी ती डोळे बारीक करून फिरत्या पंख्याखाली येणार, तिला नावाच्या जागी लाल भिंगरी दिसणार, हा विचारच वर्गाला शिकवणाऱ्या श्रुती मॅडमना सहन होईना. आजी वाटेवर दिसताच त्यांनीच पंखा बंद करायला लावला. पोरांना ती सवयच झाली. आजी कधी दहा मिनिटं थांबे, कधी अर्धा तास. काही बोलत नसे. जाताना मात्र तिचा चेहरा उतरलेला असे, आणि नवऱ्याची आठवण येत असणार, असं मॅडमना वाटे.

फाल्गुनात हे चालून गेलं. पण एप्रिल लागला. कौलं गेली होती आणि डोक्यावर नवाकोरा स्लॅब होता. अकरा वाजले की तो असा तापे की खाली भाकऱ्या भाजाव्यात. काल आजी वर बघत असतानाच आरोहीचा घोळणा फुटला. गणवेशावर रक्त सांडलं. संध्याकाळी तिची आई शाळेत आली, भांडली नाही, नुसतं म्हणाली, "मॅडम, म्हातारीचा मान राखा, पन आमच्या पोरीचा जीव पन बगा."

रात्रभर श्रुती मॅडम शब्द जुळवत होत्या. आजी, नाव तर आम्हाला पाठच आहे. आजी, रोज नको, शनिवारी येत जा. कसंही मांडलं तरी शेवटी अर्थ एकच होता, की येऊ नका. त्या कऱ्हाडकडच्या, गावात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. पहिल्या पावसाळ्यात त्या तापानं फणफणल्या होत्या तेव्हा याच म्हातारीनं आठवडाभर पेज करून आणली होती. तिला दारातून परत पाठवायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

आज आजी एकटी नव्हती. मागून वाडीतला वायरमन अजिंक्य येत होता. खांद्यावर शिडी, हातात पक्कड-टेस्टरची पिशवी.

मॅडमनी घसा साफ केला. "आजी, जरा बोलायचं होतं."

"आदी माजा आयका, बाय." आजीनं हात जोडले. "चूक माजी हाय. पंका खराब निगाला. तुमी बोलला नाय, पोरां बोलली नाय, सगळी माजा मन राकत बसली. मी मेली रोज येतंय, आज तरी फिरल, आज तरी फिरल, आनि बगतंय तर बंदच! काल त्या पोरीचा नाक फुटला, मी डोळ्यानं बगितला. रातभर डोळ्याला डोळा लागला नाय माज्या. याला बगून घेऊ दे, नायतर मी दुसरा आनून देतंय."

अजिंक्यनं शिडी लावली. तो पहिल्या पायरीवर पाय ठेवतोय तोच संस्कृती उठून उभी राहिली.

"आजी, पंखा चांगला हाय. तू आलीस की आमीच बंद करतो. तुला नाव दिसूदे म्हणून."

आजीनं संस्कृतीकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, घामानं निथळणाऱ्या सगळ्या पोरांकडे बघितलं. मग तरातरा भिंतीकडे गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

पंखा घरघरला, फिरला, वेगात आला. तीन शब्द एकमेकांत मिसळून नाहीसे झाले. वह्यांची पानं फडफडली. पोरं हुश्श करून बाकांवर रेलली आणि आजी बरोबर मधोमध उभी राहून तोंड वर करून, डोळे मिटून, वारा घेत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एवढं सुख श्रुती मॅडमनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना रडायलाच आलं.

"पण आजी," त्या म्हणाल्या, "आता नाव वाचता नाही येणार तुम्हाला."

आजीनं डोळे उघडले नाहीत.

"मला वाचता कुटं येतंय, बाय? मी तर वारा बगायला येत हुते."