मामंजींची पट्टी

या, टेका जरा, एक गोष्ट सांगतो. पण मधेच उठायचं नाही. पल्लवीचा सासरा गेनबा कॅन्सरनं गेला. दोन वर्षं त्याच्या दंडाला पट्टी होती. शहाणी पट्टी, माणसाची कळ ओळखून आपली आपणच औषध सोडायची. गेनबा गेला तेव्हा ती निम्मी भरलेली. एवढं महागाचं औषध टाकवंना, म्हणून पल्लवीनंच ती सासूच्या दंडाला लावली. अनुसयाबाईंचे गुडघे फार दुखायचे ना.

सकाळी सासू उठेना. ओठ निळे पडलेले, श्वास घुटमळत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पट्टीला वाटतंय हा जुनाच पेशंट. त्याच्या सवयीचा डोस ओततीय ती ह्यांच्यात. सुया आत रुतल्यात, ओढली तर सगळं औषध एकदम रक्तात जाईल. ज्याची पट्टी त्याचाच अंगठा लागतो बंद करायला. बोलवा त्यांना."

"मामंजींना?" पल्लवीनं विचारलं. "काल तेरावं झालं त्यांचं."

बाईंनी उताऱ्याचं इंजेक्शन भरलं. दुपारपर्यंत सात दिली. आठवं भरेपर्यंत सासू गेली.

तुमच्याकडं कुणी गेलं, तर बाबांनो, त्याचे कपडे वाटा, भांडी वाटा. पट्टी तेवढी त्याच्याबरोबर जाऊ द्या.