राष्ट्राध्यक्षांचे आभार

"जनरल, तुमचे फार फार आभार," एवढंच बोलून राष्ट्राध्यक्षांनी फोन ठेवला.

भ्रष्टाचारविरोधी पोलिसांचे प्रमुख बासिलियो तामायो यांच्या हातातला काटा हातातच राहिला. ताटात रविवारचा बदकाचा भात, समोर बायकोचा भाऊ रेनान, शेजारी त्यांची स्वतःची थोरली बहीण सोइला. पेरूच्या राजधानीत, लिमात, बड्या अधिकाऱ्याला नारळ द्यायचा असला, की त्याचे आभार मानतात. राजपत्रात सकाळी एक ओळ येते, 'देशसेवेबद्दल आभार', आणि दुपारपर्यंत साहेबांची केबिन रिकामी होते. पण हे आभार राजपत्राच्या आधी आले होते, फोनवर, आणि तेही गोड आवाजात. उभा जन्म पोलिसात गेला, पण आपण नोकरीत आहोत की नाही हेच त्यांना उमगेना.

त्यांनी ते शब्द सांगताच सोइलाला मात्र लगेच उमगलं. ती विरोधी पक्षाची जुनी कार्यकर्ती. तिने अंगणात जाऊन दोन फोन केले, आणि ताटं उचलायच्या आत टीव्हीवर बातमी आली: भ्रष्टाचारविरोधी पोलिसांच्या प्रमुखांची हकालपट्टी. तिच्या पक्षाचा पुढारी म्हणत होता, राष्ट्राध्यक्षांच्या मेहुण्याला वाचवायला हे केलंय. सरकारी प्रवक्त्याला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी त्याने ठणकावून सांगितलं, की कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं हा राष्ट्राध्यक्षांचा हक्कच आहे.

रेनान सरकारी पक्षाचा. त्याने मान डोलावली आणि भांडण जुंपलं. दोन वर्षांपूर्वी सोइलाच्या पक्षाचं राज्य होतं आणि असेच एका जनरलचे आभार मानले गेले होते. तेव्हा याच टेबलाशी रेनान लोकशाही मेली म्हणून ओरडत होता आणि सोइला त्याला हक्क समजावत होती. आज वाक्यं तीच होती, तोंडं तेवढी बदलली होती.

"भावोजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," रेनान मध्येच म्हणाला. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

भावोजींना खरं म्हणजे कुणी काही विचारलंच नव्हतं. ते उठून आतल्या खोलीत गेले. राजभवनाला तीनदा फोन लावला, पण रविवारचं तिथे कोण उचलणार? राष्ट्राध्यक्षांचा आवाज त्यांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. टोमणा होता? की निरोप? डोकं नुसतं भणभणायला लागलं.

त्यांच्या बॅगेत एक कागद होता. राष्ट्राध्यक्षांच्या मेहुण्याच्या गोदामांची झडती घेण्याचा हुकूम. न्यायाधीशाची सही केव्हाच झाली होती, अडलं होतं ते जनरलच्या सहीवाचून. त्यांच्या हाताखालची मेजर नेलिदा दर सोमवारी विचारायची आणि ते म्हणायचे, जरा योग्य वेळ येऊ दे. असे तीन महिने गेले. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, खुर्ची जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही. याची त्यांना लाज वाटायची, पण लाजेने सही होत नाही.

आता खुर्ची गेलीच होती. बहुधा. टीव्ही तरी तसं सांगत होता. राजपत्र निघणार उद्या सकाळी, आणि तोवर त्यांची सही चालणार होती.

त्यांनी नेलिदाला घरी बोलावलं आणि तिच्यासमोरच कागदावर सही केली. तिने आधी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"साहेब, नक्की ना?"

"उद्या मी कुणीच नसेन, पोरी. आजच्या आज जा."

संध्याकाळी पाचला टीव्हीवर गोदामांची दारं उघडताना दिसली. पोलीस खोक्यांमागून खोकी बाहेर काढत होते. सोइलाने भावाला मिठी मारली आणि रडू लागली. रेनानने टीव्हीचा आवाज कमी केला. बासिलियोंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपण बाणेदार माणूस आहोत असं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. राजभवनातून राष्ट्राध्यक्षांचे सचिव बोलत होते, आणि त्यांचा आवाज चिरकत होता.

"हे काय करून बसलात, जनरलसाहेब?"

"मला काढल्यावर आणखी काय करणार होतो?"



"तुम्हाला काढलं कुणी? तो कागद तीन महिने दाबून ठेवलात, म्हणून राष्ट्राध्यक्ष अगदी मनापासून आभार मानत होते हो तुमचे."