उरलेली चप्पल

धानाच्या रोवणीच्या पहिल्याच दिवशी भुऱ्या नावाच्या पिल्लाने दुर्गेश्वरीच्या एका चपलेच्या चावून चिंध्या केल्या, तेव्हा तिचे सासरे केशोराव पोट धरून हसले होते. “चिखलात चप्पल कायले पायजे, बाई? लेकरू हाये ना ते!” अनवाणी बांधीवर, धानाच्या खाचराकडे जाताना बाभळीचा काटा तिच्या टाचेत मोडला आणि आठ दिवस तिने लंगडतच रोवणी केली. उरलेली चप्पल तिने दारामागच्या खिळ्याला टांगली. आज केशोराव मंडईच्या जत्रेला निघाले, तर भुऱ्याने त्यांच्या खांद्यावरचा कोरा दुपट्टा ओढून टराटरा फाडला. “आज मारतोच याले!” म्हणत त्यांनी काठी उगारली. पिल्लू शेपूट हलवत राहिलं. दुर्गेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने काठी वरच्यावर धरली. “मंडईत दुपट्टा कायले पायजे, मामाजी? लेकरू हाये ना ते!” तिने खिळ्यावरची चप्पल त्यांच्या पुढ्यात आदळली.