साफ आलेख

"मुंडी हलवू नका, तुलारामजी," यंत्र सांभाळणारा भय्यालाल पुन्हा म्हणाला.

"मी कायले हलवू? पडूनच तर आहो," टेबलावर आडवा झालेला तुलाराम म्हणाला.

त्याच्या डोक्यावर लेप लावून तारा चिकटवल्या होत्या. बाजूच्या यंत्रातून कागदाची पट्टी सरकत होती आणि सुया तिच्यावर मेंदूच्या लहरी उमटवत होत्या. डोकं हललं की सुया उड्या मारत. मग मेंदूऐवजी मानेचीच नोंद होई. म्हणून भय्यालाल रोग्यावर नजर ठेवी आणि मान हलली की पट्टीवर लाल खूण करी. खुणेचा भाग डॉक्टर वाचत नसत.

तुलाराम एसटीचा ड्रायव्हर. गेल्या महिन्यात डेपोत चहा पिता पिता कोसळला. ऊन लागलं, असं तो म्हणे. मिरगी असेल, असा वरच्यांना संशय. आलेख साफ निघाला तरच स्टिअरिंग पुन्हा हाती येणार होतं.

बायको पुष्पाबाई सोबत आली होती. सुरुवातीला ती काही सांगू लागली, पण "बोलणं चाललं का रोगी हलते, वहिनी," म्हणत भय्यालालनं तिला व्हरांड्यात बसवलं.

तुलारामची मान सावकाश डाव्या खांद्याकडे वळली.

"तिकडं काय पाहून राहिले? गाडी लागली का?"

तुलाराम गप्प राहिला. जरा वेळानं म्हणाला, "काय म्हणलं?"

भय्यालालनं लाल खूण केली.

डॉक्टरांनी सगळी पट्टी उलगडली, खुणांचा भाग सोडला आणि उरलेला बारकाईनं पाहिला. "साफ आहे," ते म्हणाले. "खुणा चोख केल्या आहेस, भय्यालाल." मग सर्टिफिकेटवर सही केली.

तुलारामनं दुपट्ट्यानं डोकं पुसलं आणि मागच्या जिन्यानं तडक डेपो गाठला.

भय्यालाल व्हरांड्यात आला. "पेढे काढा, वहिनी. तुमचे साहेब पास झाले. आत्ताच्या साकोली गाडीवर चाललो म्हणे."

"मान हलली नाही का त्यायची?"

"हलली नं. लय डाव हलली. पण तेवढं आम्ही वगळलं. फिकर नका करू."

पुष्पाबाई उठून उभी राहिली.

"घरीबी पयले मान अशीच वळते, मंग पडतेत," ती म्हणाली. "थेच दाखवाले आणलं होतं, भाऊ."