घरचे तयार आहेत

“आत शिव्या देतेय काय गो ती?” गेस्टरूमच्या दाराला कान लावून शेजारच्या आबिदानं विचारलं.

“गाणं आहे ते,” विभावरी म्हणाली. “रॅप. अल्बम निघतोय तिचा. पहिलाच.”

“मग एवढी चिडलीय कोणावर?”

ते विभावरीलाही ठाऊक नव्हतं. आत होती ती ओर्ला, आयर्लंडची, दोह्याच्या अल दुहैल भागातल्या एका शाळेत संगीत शिकवणारी. वर्ल्डकपसाठी स्टेडियममध्ये स्पीकर बसवायचं काम विभावरीच्या मुलाकडे, मिहीरकडे होतं. शाळेतल्या पोरांचं गाणं बसवायला ओर्ला तिथं आली आणि दोघांची ओळख झाली. दोह्यातले सगळे स्टुडिओ वर्ल्डकपच्या जाहिरातींनी अडवून ठेवलेले. मग मिहीरनं आपल्या अल सद्दच्या फ्लॅटमधली गेस्टरूम रिकामी केली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर नाशिकच्या गोधड्या टांगल्या आणि माइक उभा केला.

“वैनी, पोरगा हाताबाहेर जायचा हां,” चप्पल घालताना आबिदा म्हणाली. “गोरी, त्यात एकटी राहते, त्यात रॅप. मी बोलले नाही म्हणू नको.”

विभावरीनं मनातल्या मनात ओर्लाची कुंडली मांडूनच ठेवली होती. एकदा तरी लग्न मोडलेलं असणार. पिणार तर नक्कीच. घरच्यांशी संबंध नावालाच असणार.

ओर्ला बाहेर आली ती घामाघूम होऊन. तिनं चहा मागितला. बशीत ओतून प्यायली. शुक्रवारी रेकॉर्डिंग ठेवायचं का, असं मिहीरनं विचारलं तर म्हणाली, शुक्रवारी चर्च, इथं सुट्टीचा वार तोच. दारूचं नाव काढलं तर तिनं तोंड वाकडं केलं. आणि रोज संध्याकाळी गॅलरीत जाऊन आईशी इतका वेळ बोलायची, की विभावरीला स्वतःच्या मुलीची, बंगळुरूला शिकणाऱ्या गार्गीची आठवण येऊन रागच यायचा. गार्गीचा फोन आठवड्यातून एकदा, तोही चार्जर सापडत नाही म्हणून.

“ती गाते काय, ते मला सांग तरी,” विभावरीनं एकदा मिहीरला बसवलंच.

मिहीरनं एक गाणं मराठीत करून सांगितलं. लोक मला बघतात आणि विचारतात, कुठल्या नवऱ्यानं आणलं गं तुला इथं? बाई, मला विमानानं आणलं!

विभावरी आधी हसली, मग तिला स्वतःचं आठवलं. नाशिकला चौदा वर्षं तिनं भूगोल शिकवला होता. इथं आल्यावर तिच्या रहिवासी कार्डावर एकच शब्द उमटला होता, हाउसवाइफ. त्या दिवसापासून रेकॉर्डिंग सुरू झालं की ती मिक्सर बंद ठेवायला लागली.

आणि मग तिला दिसलं, मिहीर ओर्लाकडे कसा बघतो ते. ओर्ला घोट घेताना तिच्या कपाकडेसुद्धा तो तसाच बघायचा.

“मिहीर, खरं सांग,” तिनं विचारलं.

मिहीरनं मान खाली घातली. “उपयोग नाही, आई. ओर्ला म्हणते, घरचे तयार होणार नाहीत.”

हे मात्र विभावरीला झोंबलं. म्हणजे आपण तशा? सून निवडताना रंग, धर्म, जात बघणाऱ्या? खरं म्हणजे तशाच होतो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

पुढचे काही आठवडे तिनं ओर्लासाठी घरात किल्ला लढवला. नाशिकच्या बहिणीनं फोनवर रडून घेतलं. नवरा, संजीव, दुखानच्या तेलक्षेत्रावरून थकून यायचा; तो म्हणाला, “वर्ल्डकप तरी होऊ दे गं.” त्याला तिनं सोफ्यावर बसवून अख्खा अल्बम ऐकवला. आबिदानं चर्च आणि सत्यनारायण एका घरात कसे मावणार असं विचारलं. विभावरी म्हणाली, “थ्री बीएचके आहे. मावतील.”

अल्बमचा कार्यक्रम एका हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये झाला. बाहेर रस्तोरस्ती झेंडे लागले होते. ओर्लाची आई, नोरा, खास आयर्लंडहून आली होती, फुलाफुलांच्या झग्यात, पर्स मांडीवर घट्ट धरून. ओर्ला स्टेजवर आली आणि पाय आपटून अशी काही सुटली, की मागच्या रांगेतले मुलगेही उभे राहिले. मला कुणी सांगायचं नाही, असं ती गरजत होती. संजीव चुकीच्या ठेक्यावर का होईना, पण टाळ्या वाजवत होता. विभावरीचे डोळे भरून आले. हीच ती, तिला वाटलं. आपल्या घरात असंच कुणीतरी यायला हवं होतं.

कार्यक्रम संपल्यावर ती नोराशेजारी जाऊन बसली. आदल्या रात्री पाठ केलेलं इंग्रजी तिनं एका दमात म्हणून टाकलं. “तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे. तिचा रंग, धर्म, रॅप, कशालाच आमची हरकत नाही. आम्ही घरचे तयार आहोत.”

नोरानं तिचा हात हातात घेतला. बराच वेळ थोपटला.

“तुमचा मुलगा लाखात एक आहे हो,” ती म्हणाली. “पण आम्ही आमच्यातलाच एक बघून ठेवलाय. शेताला शेत लागून आहे त्यांचं. हिच्या पाठीवरची अजून एक उजवायची आहे, आणि आम्हाला चार लोकांत तोंड दाखवायचंय.”

विभावरीनं मोठ्या आशेनं ओर्लाकडे पाहिलं. ती माइक हातात घेऊन समोरच उभी होती, अजून धापा टाकत.

ओर्लानं नजर खाली वळवली आणि बुटाच्या टोकानं गालिचा उकरत ती हळूच म्हणाली, “आई म्हणेल तसं, आंटी.”